आजीच्या पूजेतला जर्मन बिल्ला

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमची आजी माळ्यावरची सगळी भांडी अंगणात काढीत असे. तांब्याचे घंगाळ, पितळेचे डबे, समया, निरांजने, ताम्हन, सगळ्यांची रास लागे आणि चिंच व राख घेऊन आजी तिच्यासमोर बैठक मारी. या राशीत अगदी शेवटी एक लहानशी वस्तू येई. लंबगोल आकाराचे पानांचे कडे आणि त्यावर पंख पसरून खाली झेपावणारा गरुड. गरुडाच्या पायांत स्वस्तिक. आजी तीही वस्तू चिंचेने चोळून काढी आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाण्यांशेजारी पाटावर मांडी. तिला हळदकुंकू वाही.

घरात तिला ‘जर्मनचा बिल्ला’ म्हणत. आमच्या सातारा जिल्ह्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यालाही ‘जर्मनचे भांडे’च म्हणतात. त्यामुळे आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, आमच्या चहाच्या पातेल्याचीच धातू या गरुडालाही वापरली आहे. पुढे कळले की बिल्ला खरोखरच जर्मनांचा. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनमधून इटलीत लढले होते. १९४६ साली ते परत आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तो होता.

त्या बिल्ल्याची एक कथाही होती, आणि ती आमच्या वडिलांची होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दर प्रजासत्ताक दिनाला ते मुलांना सांगत : हवालदारांनी रायफलीच्या एका गोळीने शत्रूचे विमान पाडले, वैमानिकाला जिवंत पकडले आणि त्याच्या छातीवरचा हा बिल्ला उतरवून घेतला. मुले टाळ्या वाजवीत. मीही वाजवल्या आहेत.

आजोबा १९९४ साली गेले, आजी २००७ साली. चार वर्षांपूर्वी गावचे घर उतरवायचे ठरले, तेव्हा बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात मला तो बिल्ला पुन्हा सापडला. सोबत आजोबांचे ‘इटली स्टार’ हे पदक होते. त्याच्या फितीवर लाल, पांढरा आणि हिरवा असे इटलीच्या निशाणाचेच रंग आहेत. मी पेशाने मराठीचा अध्यापक. लढाई मला बखरींतून माहीत. पण वस्तू हातात आली आणि मनात एक साधा प्रश्न उभा राहिला : हा बिल्ला खरा असेल का? आणि त्याची कथा?

बिल्ल्यांचे कुळ

शोध सुरू केला तेव्हा पहिला धक्का बसला तो या बिल्ल्यांच्या पसाऱ्याने. जर्मन हवाई दल, म्हणजे लुफ्तवाफे, १९३५ साली उघडपणे जगासमोर आले आणि त्याच वर्षी वैमानिकाचा बिल्ला निघाला. मग निरीक्षकाचा निघाला, विमानातील बिनतारी यंत्र चालवणाऱ्याचा निघाला, तोफमाऱ्याचा निघाला. वैमानिक आणि निरीक्षक या दोन्ही विद्या ज्याला येत, त्याच्या बिल्ल्याचे कडे सोनेरी असे. हिरे जडवलेला बिल्ला गोअरिंग आपल्या मर्जीतल्या मोजक्याच लोकांना देई. १९४१ च्या जानेवारीपासून लढाऊ उड्डाणांसाठी छातीवर लावायची एक पट्टी सुरू झाली : वीस उड्डाणांना कांस्य, साठांना रौप्य आणि एकशेदहांना सुवर्ण. त्याच वर्षी विमानविरोधी तोफा चालवणाऱ्यांनाही त्यांचा वेगळा बिल्ला मिळाला.

वैमानिकाच्या बिल्ल्यावरचा गरुड आडवा उडतो. त्याचे पंख कड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि त्याचा रंग रुपेरी-काळसर असतो. माझ्या हातातला गरुड आडवा उडत नव्हता. चिमणीवर ससाणा पडावा तसा तो खाली सूर मारीत होता. भिंग घेऊन पाहिले तेव्हा पंखाखालच्या खाचेत, जिथे आजीचे बोट कधी पोचले नव्हते तिथे, मोहरीएवढा सोनेरी ठिपका दिसला.

सोनेरी आणि झेपावणारा गरुड वैमानिकाचा नव्हे. तो छत्रीधारी सैनिकाचा. हा बिल्ला ५ नोव्हेंबर १९३६ रोजी गोअरिंगच्या हुकमाने सुरू झाला आणि तो मिळवायला विमानातून सहा वेळा उडी घ्यावी लागे. इतर कित्येक देशांत छत्रीधारी सैनिक भूदलात मोडत, जर्मनीत ते हवाई दलाचे होते. म्हणून बिल्ला हवाई दलाचा खरा, पण तो लावणारा माणूस विमान चालवीत नव्हता, विमानातून खाली पडत होता.

अण्णांच्या कथेतले विमान असे माझ्या भिंगाखाली कोसळले.

पाठचिकित्सा आणि ठसेचिकित्सा

पण बिल्लाच खोटा असेल तर? अशा बिल्ल्यांचे शौकीन जगभर आहेत आणि शौकीन आले की नकला करणारे आलेच. या धंद्यातला घोटाळा असा की, सगळ्याच नकला भामट्यांनी केलेल्या नाहीत. युद्धकाळात बिल्ले बनवणाऱ्या काही कारखान्यांनी युद्ध संपल्यावर त्याच जुन्या ठशांवरून पुन्हा बिल्ले काढून विकले. ठसा खरा, कारखाना खरा, फक्त साल खोटे! शिवाय १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा करून जुन्या सैनिकांना आपली पदके लावायची मोकळीक दिली, मात्र त्यांवरचे स्वस्तिक काढून. त्यामुळे रिकाम्या पायांचा गरुड ही १९५७ नंतरची अस्सल वस्तू आहे. त्या पायांत कोणी मागाहून स्वस्तिक डकवले तर ती लबाडी.

मग खऱ्याखोट्याची पारख होते कशी? वाचकहो, इथे मला माझीच विद्या उपयोगी पडली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हापासून आम्हां मराठीच्या लोकांना पाठचिकित्सा ठाऊक आहे. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी सापडली, तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असे आम्ही मानतो. शुद्ध अक्षर सगळ्यांचे सारखे असते, घराणे कळते ते चुकीवरून.

बिल्ल्यांचेही तसेच. पोलादी ठशाला वापरून वापरून केसाएवढी चीर पडते. त्यानंतर निघणाऱ्या प्रत्येक बिल्ल्यावर त्या जागी एक बारीक उंचवटा उमटतो. बर्लिनचा युंकर, ल्यूडेनशाइडचा आसमान असे कारखाने होते. प्रत्येकाच्या पानांची शीर वेगळी, गरुडाच्या डोळ्याची खाच वेगळी, पाठीमागची टाचणी आणि तिची बिजागरी वेगळी. जाणकार कारखान्याच्या शिक्क्यावर फार भिस्त ठेवत नाही, कारण शिक्का मारणे सर्वांत सोपे. तो या बारीक खुणा पाहतो.

नक्कल करणारा बहुधा खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतो आणि त्यात धातू ओततो. पण ओतलेली धातू निवताना आकसते, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. तिच्यावर सुईच्या टोकाएवढी भोके राहतात, कडा बोथट होतात. आणखी गंमत अशी की, मूळ बिल्ल्यावर कोणाच्या तरी कोटाच्या बटणाने पडलेला ओरखडाही साच्यात उतरतो. दोन बिल्ल्यांवर हुबेहूब एकच ओरखडा दिसला, की दोघेही संशयित! लेखनिकाने मुळातल्या माशीसकट पोथी उतरावी, त्यातलाच हा प्रकार.

धातूही काळ सांगते. आरंभीचे बिल्ले तांब्याच्या मिश्रधातूंचे आणि ॲल्युमिनियमचे असत. युद्ध लांबले तसे तांबे तोफगोळ्यांकडे गेले आणि बिल्ल्यांच्या वाट्याला जस्त आले. जस्तावरचा मुलामा टिकत नाही. काही वर्षांत तो आपोआप विटतो आणि वस्तू करडी पडते. म्हणून जस्ताचा बिल्ला नव्यासारखा झळकू लागला की जाणकाराच्या कपाळाला आठी पडते.

आमच्या तालुक्याच्या गावी एका सराफाकडे सोन्याचा कस पाहण्याचे क्ष-किरणांचे यंत्र आहे. वस्तूला ओरखडाही न काढता ते आतल्या धातू सांगते. मंगळसूत्र आणि बांगड्या घेऊन आलेल्या बायकांच्या रांगेत मी बिल्ला घेऊन उभा राहिलो. यंत्राने कौल दिला : जवळजवळ सगळे जस्त. सराफाने सहानुभूतीने विचारले, “सर, फसवलं का हो कुणी?” मी म्हणालो, “तेच तर पाहायला आलोय.”

कुंकवाची साक्ष

शेवटी मी परदेशातल्या एका जाणकार संग्राहकाला बिल्ल्याची पुढून, मागून, कडेने अशी बरीच छायाचित्रे पाठवली. सोबत अण्णांची विमानाची कथाही इमानाने लिहिली. उत्तर आले ते छोटे आणि कोरडे. ठसा युद्धकाळातल्या एका माहीत असलेल्या ठशाशी जुळतो. गरुडाला कड्याशी जखडणारी दोन रिव्हेटे कधी हलवलेली नाहीत. बिल्ला त्याच्या मते अस्सल. पण मुलामा नष्ट झाला आहे, आणि ज्याने कोणी तो आम्लाने घासला त्याने संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत संपवली आहे. वैमानिकाच्या कथेवर मात्र त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. या छंदातले एक जुने वचन त्याने मला सुनावले : वस्तू घ्यावी, कहाणी विकत घेऊ नये.

खाली एक प्रश्न होता. गरुडाच्या नखांत आणि पानांच्या खाचांत एक लाल पूड दिसते. हा गंज नव्हे, कारण जस्ताला तांबडा गंज चढत नाही. बिल्ला जुना भासवण्यासाठी लोक चहात बुडवतात, जमिनीत पुरतात, पण हा लाल रंग त्याने आजवर पाहिला नव्हता. हे काय आहे?

मी त्याला लिहिले, ‘हे कुंकू आहे. माझी आजी या बिल्ल्याची साठ वर्षे पूजा करीत होती.’

या पत्राचे उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्याने लिहिले होते की, जगातला कोणताही नकलाकार इतकी विचित्र खूण मुद्दाम करणार नाही.

मला हसू आले, पण ते टिकले नाही. आजीला मी लहानपणी विचारले होते, हे परक्यांचे कशाला पुजतेस? ती म्हणाली होती, “सवस्तिक हाय की त्येच्यावर. लक्षुमीला चालतंय.” उंबऱ्यावरच्या रांगोळीतले स्वस्तिक आणि या नखांतले स्वस्तिक तिला एकच वाटले. तिचा दोष नाही. पण मी शिकलेला माणूस. हे कोणाचे चिन्ह होते, ते मला ठाऊक असायला हवे. याच हवाई दलाने १४ मे १९४० रोजी रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख केला. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन छत्रीधारी क्रीट बेटावर उतरले. त्यांचे हजारो लोक मेले आणि गावकऱ्यांनीही त्यांना हाती लागेल त्या हत्याराने विरोध केला. त्याचा सूड म्हणून २ जून रोजी कोंदोमारी या खेड्यातील पुरुषांना झाडांखाली उभे करून छत्रीधाऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्यांच्या बरोबरच्या छायाचित्रकाराने काढलेली त्या प्रसंगाची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. मी ती पाहिली, आणि त्या रात्री बिल्ला पुन्हा डब्यात ठेवला. जर्मनीत आज हे चिन्ह उघडपणे मिरवणे गुन्हा आहे, ते उगीच नव्हे.

कहाणी कोणाची

कहाणीवर विश्वास ठेवण्याने केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण जर्मनीतच घडले आहे. १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘श्टर्न’ या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचे जाहीर केले. त्यांसाठी त्याने ९३ लाख मार्क मोजले होते. विकणारा कोनराड कुयाऊ हा नाझी काळातल्या वस्तूंचाच व्यापारी होता. तज्ज्ञांनी रोजनिशांचे अक्षर हिटलरच्या म्हणून मानलेल्या कागदांशी ताडून पाहिले आणि ते जुळले. जुळणारच! ताडून पाहायला घेतलेल्या कागदांतही काही कुयाऊनेच लिहिलेले होते. मे महिन्यात सरकारी दप्तरखान्याने कागद तपासला, तेव्हा त्यात युद्धानंतर वापरात आलेले, कागद शुभ्र करणारे द्रव्य निघाले. आमच्या धंद्यातही ही भीती असतेच. प्रमाण म्हणून जी पोथी धरली, तीच बनावट असली तर सगळी चिकित्सा फुकट.

मी प्रमाण म्हणून अण्णांची कथा धरली होती. आता तिच्याविषयी त्यांच्याशी बोलणे भाग होते.

अण्णांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. मी टेबलावर बिल्ला ठेवला, वैमानिकाच्या बिल्ल्याचे चित्र शेजारी ठेवले आणि जमेल तितक्या हळुवारपणे म्हणालो, “अण्णा, हा वैमानिकाचा नाही. विमान नव्हतं त्यात.”

ते चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, ते चिडतील. पण ते म्हणाले, “मला माहीत आहे.”

मी गप्प झालो. तेच पुढे बोलू लागले. नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी त्यांनी शाळेत आजोबांना पाहुणे म्हणून बोलावले होते. त्यांच्यासमोर विमानाची कथा सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आजोबा उठून मंडपाबाहेर निघून गेले. घरी आल्यावर ते एवढेच बोलले होते, “इमान-बिमान काय नव्हतं, मास्तर. पोरगं हुतं. थंडीनं कुडकुडत हुतं. बिडी दिली, तर त्यानं ह्यो काढून दिला.”

“मग तुम्ही पुढंही विमानच का सांगत राहिलात?” मी विचारले.

“अरे, सव्वीस जानेवारीला पोरांना काय सांगणार? बिडी दिली म्हणून?” अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच जोडले, “पण ते पुन्हा कधी शाळेत आले नाहीत.”

मी पुस्तकांतून पडताळून पाहिले. १९४३ च्या हिवाळ्यात एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती आणि मराठ्यांची पहिली बटालियन तिच्यातच होती. समोर जर्मनांची पहिली पॅराशूट डिव्हिजन होती. क्रीटनंतर छत्रीधाऱ्यांना आकाशातून मोठ्या संख्येने उतरवणे हिटलरने थांबवले होते आणि ते साध्या पायदळासारखे चिखलात लढत होते. म्हणजे स्थळ जुळते, काळ जुळतो, थंडी जुळते. बिल्लाही जुळतो. पण जुळणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. बिडीला साक्षीदार नाही. ते पोरगे कोण होते, ते क्रीटवर होते की नव्हते, ते घरी पोचले की नाही, यातले काहीही जस्ताच्या या तुकड्याला विचारता येत नाही. तरीही माझ्या आजोबांनी त्याला मारले नाही, असे मानण्याचा मोह मला होतो. हा मोह आहे हेही मी जाणतो. अण्णांना विमानाचा मोह झाला, मला बिडीचा.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याने बिल्ल्याला मागणी घातली. मुलामा नसला तरी, “कहाणी चांगली लिहून द्या, दाम चांगला येईल,” असे तो म्हणाला. मी नकार दिला.

आता बिल्ला आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवला आहे. सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यात तीन परिच्छेद आहेत : काय दिसते, काय सांगितले जाते, आणि काय माहीत नाही. दुसऱ्या परिच्छेदात अण्णांचे विमान आहे आणि आजोबांची बिडीही आहे. अण्णांनी तो वाचून खाली सही केली.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आम्ही नाणी मांडली, आजोबांचे इटली स्टार मांडले. गरुड मांडला नाही. बायकोने विचारले, त्याच्या खाचांतले कुंकू काढून टाकायचे का? मी नको म्हणालो. ते आजीचे आहे. त्या बिल्ल्यावरची तेवढीच एक गोष्ट अशी आहे की, ती कोणी, कधी आणि का लावली, हे मी शपथेवर सांगू शकतो.